गाडीचा आकार कोण ठरवतो? वाहन डिझाइनच्या पोर्टफोलिओची तयारी

खराळवाडी, नेहरूनगर, कासारवाडी, रुपीनगर, कुदळवाडी, आणि पुढे थेट चाकणपर्यंत गेलो तर आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गाडीवर पेटते. कुणाचे अब्बा डेंटिंगचे काम करतात, कुणाचा मामू रेक्झिन कापून सीट कव्हर शिवतो, कुणाचा भाऊ प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार म्हणून पाळ्या करतो, कुणाचे चाचा रिक्षा नाहीतर कंपनीची बस चालवतात. गाडीचे भाग बनवणे, ठोकणे, रंगवणे, चालवणे आणि शेवटी तिचे सुटे भाग करून भंगारात विकणे, हे सगळे हुनर या वस्त्यांत आहेत. एक काम मात्र फारसे कुणाच्या वाट्याला येत नाही. गाडी कशी दिसावी आणि तिच्यात माणसाने कसे बसावे, हे कागदावर ठरवण्याचे काम.

एके काळी ते या पट्ट्यातच फारसे होत नव्हते. बजाजची चेतक १९७२ साली आकुर्डीतून बाहेर पडली, पण तिचा बांधा इटलीच्या व्हेस्पाचा होता. टेल्कोने १९९८ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली इंडिका पिंपरीत तयार झाली; तिच्या रूपाचे काम इटलीतल्या तुरिनच्या आयडिया या संस्थेकडे होते. नंतर चित्र पालटले. चाकणहून २०११ साली रस्त्यावर आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० चे डिझाइन रामकृपा अनंतन यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्या मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत डिझाइन शिकलेल्या. टाटांच्या टियागो, नेक्सॉन, हॅरियर या गाड्या आल्या तेव्हा तिथल्या डिझाइन विभागाचे प्रमुख असलेले प्रताप बोस हे एनआयडीचे विद्यार्थी. २०२१ मध्ये ते महिंद्रात गेले. आणि ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आज चाकणला आहे, त्या समूहाचे डिझाइन काही वर्षे ज्यांच्या हाती होते ते मुरात ग्युनाक इस्तंबूलमध्ये जन्मलेले आहेत. तेव्हा हे काम आपल्या मुलामुलींच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे आम्हाला वाटत नाही. अडते ते दाराशीच. त्या दारावर एक गोष्ट मागतात, तिचे नाव पोर्टफोलिओ.

हा शब्द आपल्या घरांत ऐकू आलाच तर मंत्र्याच्या खात्याविषयी नाहीतर शेअर बाजाराविषयी. इथे त्याचा अर्थ साधा आहे. आपण हाताने आणि डोक्याने काय काय केले, हे दाखवणारी निवडक पानांची फाईल. दहावी-बारावीचे गुणपत्रक सांगते की मुलगा किती पाठ करतो. ही फाईल सांगते की तो पाहतो कसा आणि अडल्यावर काय करतो.

ती सगळीकडे लागत नाही, हे आधी समजून घ्यावे. नाहीतर बारावीच्या वर्षात मूल नको तिथे वेळ घालवते. आयआयटीच्या बी.डेस. साठी यूसीड ही परीक्षा असते, ती कोणत्याही शाखेच्या बारावीला देता येते. तिथे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, पोर्टफोलिओ मागत नाहीत. मात्र त्या परीक्षेत हाताने चित्र काढण्याचा भाग आहे. एनआयडीच्या बी.डेस. ला लेखी परीक्षेनंतर स्टुडिओ टेस्ट असते, म्हणजे दिलेल्या साहित्यातून समोर बसून वस्तू घडवायची. पुण्यातच विमाननगरच्या सिम्बायोसिस डिझाइन संस्थेत बारावीनंतर परीक्षा आणि त्यापुढे पोर्टफोलिओ पाहून मुलाखत होते. लोणी काळभोरच्या एमआयटीत वाहन डिझाइनचाच पदवी अभ्यासक्रम आहे. खरी कसोटी पदवीनंतर. एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये वाहन डिझाइनचे एम.डेस. आहे, आयडीसीत मोबिलिटी आणि वाहन डिझाइनचे आहे. परीक्षेतून निवड झाल्यावर मुलाखतीच्या टेबलावर फाईल उघडली जाते आणि पानापानावर प्रश्न येतात. म्हणून ज्या मुलाने आधी डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग असा रस्ता धरला आहे, त्याने ‘आता डिझाइनची गाडी चुकली’ असे समजू नये. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री विद्यापीठ किंवा लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट इथेही पोर्टफोलिओवाचून पुढे सरकता येत नाही.

आता फाईलमध्ये घालायचे काय? बहुतेक मुले सुरुवात करतात ती लाल रंगाच्या, जमिनीला टेकलेल्या, डोळे वटारलेल्या परदेशी स्पोर्ट्स कारपासून. मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून शेडिंग करतात. घरचे माशाअल्लाह म्हणतात, आणि म्हणावेच, कारण हात चांगला बसलेला असतो. पण परीक्षकाने अशा गाड्या शेकड्याने पाहिलेल्या असतात. त्याला त्या पानातून एवढेच कळते की मुलाला नक्कल येते. त्याला हवे असते ते वेगळे. या मुलाला एखादी अडचण दिसली का, ती त्याने मोजली का, चार उपाय काढून तीन का टाकले, उरलेला करून पाहिला का. या बाबतीत पिंपरी-चाकणच्या गॅरेजवाल्याचे मूल शहरातल्या वातानुकूलित क्लासमध्ये बसणाऱ्या मुलाच्या पुढे आहे. त्याला ते ठाऊक नसते, एवढेच.

डेंटिंगचेच उदाहरण घ्या. कसलेला कारागीर पत्रा सरळ झाला की नाही हे नुसत्या नजरेने ठरवत नाही. तो तळहात फिरवतो, मग गाडी ट्यूबलाइटखाली घेतो आणि पत्र्यावर पडलेली उजेडाची रेघ पाहतो. रेघ एकसारखी वाहत गेली तर काम झाले. मध्येच मुरडली तर तिथे अजून खड्डा आहे. मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओत मातीचे मॉडेल तयार झाल्यावर त्यावर चकचकीत फिल्म चढवून हेच करतात, आणि संगणकावर पट्ट्यापट्ट्यांचे प्रतिबिंब पाडून हेच तपासतात. ज्या मुलाने अब्बांच्या शेजारी उभे राहून ती रेघ पाहिली आहे, त्याने एका दाराच्या पत्र्याची ठोकण्याआधी, पुट्टी लावल्यावर आणि रंग दिल्यावर अशी तीन चित्रे काढावीत. तिन्हींत उजेडाची रेघ कशी बदलली ते दाखवावे आणि खाली चार ओळींत अब्बांचे म्हणणे लिहावे. हे पान क्लासमध्ये विकत मिळत नाही.

प्रेस शॉपमध्ये काम करणारा भाऊ सांगेल की पत्र्याला फार धारदार घडी घातली तर तो फाटतो, घडीला गोलाई लागते. डाय उघडल्यावर तुकडा अडकता कामा नये, सरळ बाहेर निघाला पाहिजे. आणि दाब काढला की पत्रा थोडा मागे फिरतो. कागदावर सुंदर दिसणारे मडगार्ड कारखान्यात का बनत नाही, याचे हे उत्तर आहे. सीट शिवणारा मामू सांगेल की शिलाई कुठे घेतली तर बसणाऱ्याला टोचते आणि फोम आधी कुठे बसतो. टायरवाला सांगेल की गाडी कुठल्या बाजूला ओढते. या माणसांना प्रश्न विचारायचे, उत्तरे वहीत लिहायची, शेजारी रेखाटन करायचे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, अदब लागते. दुकानात गिऱ्हाईक असताना जाऊ नये, हेही त्यात आले.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. घरातले कुणी कंपनीत कामाला असेल तर आतला फोटो, तिथले ड्रॉइंग, न आलेल्या मॉडेलचा सुटा भाग, यातले काहीही फाईलमध्ये घेऊ नये. अशाने कंत्राटी माणसाची नोकरी जाते. शिवाय ती अमानतीत खयानत आहे. बाजारात आलेल्या गाडीचा भाग, भंगारातून वजनावर घेतलेला हेडलाइट, गॅरेजात उघडलेले दार, यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विषय निवडतानाही आपले घर, आपली गल्ली पाहावी. आमच्या डोळ्यांसमोर एक विषय नेहमी असतो. बुरखा किंवा लांब ओढणी घेतलेली बाई मोटारसायकलवर मागे बसते, बहुतेक वेळा एका बाजूला दोन्ही पाय घेऊन, मांडीवर मूल, हातात पिशवी. कापड मागच्या चाकात जाते आणि काय होते ते सांगायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ म्हणतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार असावा, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. कंपनी ते लावून देते. मग घरातला तरुण ‘गाडी खराब दिसते’ म्हणून ते काढून टाकतो. म्हणजे प्रश्न नुसत्या जाळीचा राहत नाही. काढून टाकावेसे वाटणार नाही असे गार्ड कसे असेल, हा खरा डिझाइनचा प्रश्न आहे.

हे काम पानांवर कसे उतरेल? पहिल्या पानावर अडचण, साध्या शब्दांत. दुसऱ्यावर निरीक्षण. रस्त्यावरच्या बायकांचे फोटो मुळीच काढू नयेत. गाडी घरासमोर डबल स्टँडवर घ्यावी, अम्मी, खाला, बहीण यांनी बसून दाखवावे आणि कापडाचे टोक कुठपर्यंत लोंबते, वळताना कुठे सरकते, पाय कुठे टेकतो, ते मोजून मांडावे. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवून, जुन्या ओढणीचा तुकडा कुठल्या कोनातून आत ओढला जातो ते पाहावे. पुढच्या दोन पानांवर दहा-बारा झटपट कल्पना, वाकड्यातिकड्या असल्या तरी चालतील. मग त्यातील दोन तारेने आणि पुठ्ठ्याने करून गाडीवर बांधून पाहाव्यात. एक मोडेल, एक सायलेन्सरला लागेल. ते मोडलेले, लागलेले, दोन्ही दाखवावे, कारण परीक्षकाचे लक्ष तिथेच जाते. शेवटी निवडलेला आकार बाजूने, मागून आणि तिरका. सात-आठ पानांत हा एक प्रकल्प होतो, आणि असे तीन प्रकल्प झाले की फाईल उभी राहते.

असे विषय अनेक आहेत. मशिदीची मय्यत गाडी बहुधा टेम्पोवरच बांधलेली असते; जनाजा खांद्यावरून तिच्यात चढवताना मागची उंची किती आड येते, हे पुढचे दोघे वर आणि मागचे दोघे खाली असताना कळते. कंपनीच्या बसमधून रात्रपाळीहून परतणारा कामगार झोपतो कसा, त्याची मान कुठे पडते? रिक्षात दाटीने बसलेल्या मदरशाच्या मुलांची दप्तरे कुठे जातात? चाकणच्या चौकात उभे राहिले तर तासाभरात वही भरेल.

आता एका प्रश्नाकडे वळतो. तो आमच्या वाचकांच्या मनात पहिल्या ओळीपासून असणार. चित्र काढणे चालते का? सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचा प्रसंग आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक जण त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याला पैगंबरांचा (स.) इशारा ऐकवला, आणि करायचेच असेल तर झाडांची आणि ज्यात प्राण नाही अशा वस्तूंची चित्रे काढ, असे सांगितले. गाडी, चाक, सीट, दिवा, यांत प्राण नाही. वाहन डिझाइनचे बहुतांश काम या मर्यादेतलेच आहे. अडचण येते ती दोन ठिकाणी. प्रवेश परीक्षेत कधी माणसांसह रस्त्याचे दृश्य काढायला सांगतात, आणि गाडीत माणूस कसा बसेल हे दाखवावेच लागते. दुसऱ्यावर व्यवसायातच एक सोय आहे. पुठ्ठ्याचा सपाट माणूस कापतात, खांदा, कंबर, गुडघा इथे टाचणीने सांधे करतात आणि तो गाडीच्या बाजूच्या रेखाटनावर बसवून पाहतात. त्याला नाक-डोळे नसतात, लागतही नाहीत. घरात ज्याची उंची सर्वांत जास्त आणि जिची सर्वांत कमी, अशा दोघांची मापे घेऊन एकास दहा प्रमाणात असे दोन तुकडे केले तर ते फाईलमध्येही शोभतात. परीक्षेतल्या दृश्याबद्दल घराघरांत मते वेगळी आहेत. चेहऱ्याची ठेवण न दाखवता रेषेतली आकृती काढण्याचा पर्याय पुष्कळ जण स्वीकारतात. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, पण अर्ज भरतानाच विचारावे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला या पेचात टाकू नये.

हात बसवण्यासाठी आपल्याकडे एक जुनी, स्वस्त वाट आहे, ती लोक विसरतात. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा. शाळेतूनच देता येतात. त्यातले वस्तुचित्र आणि भूमिती हे दोन विषय वाहन डिझाइनचा पायाच आहेत. उर्दू माध्यमातल्या शाळांनीही आपली मुले या परीक्षांना बसवावीत, अशी आमची विनंती आहे. त्यापुढचा सराव घरचा. तिरके पाहिले की चाक गोल दिसत नाही, लंबगोल दिसते. तो लंबगोल जमला की अर्धी गाडी जमली. रोज बॉलपेनने पानभर लंबगोल काढावेत. पेन्सिल नको, कारण मग खोडरबर हातात येतो. गाडी बाजूने काढताना चाकाचा व्यास हेच माप धरावे. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या मोकळ्या जागेत किती चाके मावतात ते मोजावे; सेडानमध्ये साधारण तीन, छोट्या गाडीत त्याहून कमी. रस्त्यावर उभ्या असलेल्या दहा गाड्या अशा मोजल्या की प्रमाण नजरेत बसते.

मॉडेलसाठी महागडी माती आणायची गरज नाही. पॅकिंगचा थर्माकोल, पुठ्ठा, कागदाचा लगदा, गॅरेजातली उरलेली पुट्टी, पॉलिश पेपर यांत चांगले काम होते. संगणकाचे सॉफ्टवेअर येत असेल तर एक-दोन पाने जरूर असावीत, पण त्यासाठी कर्ज काढून लॅपटॉप घ्यायची घाई करू नये. सॉफ्टवेअर संस्थेत गेल्यावर शिकवतात.

पानावर मांडणी कशी असावी हे पाहायचे असेल तर अल-जजरीची पाने पाहावीत. दियारबकरच्या दरबारातल्या या कारागिराने १२०६ मध्ये यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसण्याची साधने, घड्याळे, प्रत्येकाचे चित्र, चित्रातल्या भागांवर अक्षरे, आणि ते कसे बनवायचे याचे वर्णन. वाचणाऱ्याला वस्तू पुन्हा बनवता यावी, हा हेतू. मुलांनीही नक्षीदार चौकटी आणि इंग्रजी सुविचार टाळून एवढेच करावे.

पोर्टफोलिओ बनवून देणारे क्लास पुण्यात पुष्कळ आहेत. शिकवणारे क्लास वेगळे आणि बनवून देणारे वेगळे, हा फरक पालकांनी ओळखावा. दुसऱ्याने काढलेले चित्र, किंवा आजकाल यंत्राला सांगून काढून घेतलेले चित्र, आपले म्हणून पुढे करणे ही खोटी साक्ष आहे. ती पकडलीही जाते. परीक्षक कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, हाच आकार आता मागून काढून दाखव.

पैशांचे बोलायला हवे. सरकारी संस्थांत आणि खासगी संस्थांत फीचे अंतर मोठे आहे, म्हणून आमचा कल आधी सरकारी परीक्षांकडे आहे. मोमीन, पिंजारी-मन्सूरी यांसारख्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण एनआयडी आणि आयआयटीला राज्याचे जात प्रमाणपत्र चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते आणि नॉन-क्रीमी लेयर त्या वर्षाचे लागते. तहसील कार्यालयात त्याला वेळ जातो. यूसीड आणि सीड या परीक्षा जानेवारीत होतात, अर्ज आधीच्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतात. तेव्हा कागदपत्रे जून-जुलैतच काढून ठेवावीत. शिक्षणासाठी कर्ज मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे मिळते. ज्यांना व्याज नको आहे त्यांनी बिरादरीच्या आणि जकातीतून मदत करणाऱ्या ट्रस्टकडे वेळेत अर्ज करावा. ट्रस्टवाल्यांना एक सांगणे आहे. इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या फीला आपण चटकन हात देतो, डिझाइनचे नाव घेतले की ‘चित्रकलेला कशाला’ असे विचारतो. ती फाईलही एकदा उघडून पाहावी.

मुलींबद्दल वेगळे काय लिहावे? गाडीत आणि गाडीवर बसणाऱ्यांत अर्ध्या बायका आहेत, आणि वर ज्यांचे नाव आले त्या रामकृपा अनंतन यांनी सुरुवात केली होती गाडीच्या आतल्या रचनेपासून. गांधीनगरला किंवा पवईला होस्टेलवर राहावे लागेल, हे खरे. ती बोलणी मुलाखतीचे पत्र आल्यावर नव्हे, अर्जाच्या वेळीच घरात व्हावीत.

मुलाखतीला जाताना पंधरा-वीस पानांची फाईल पुरे. सर्वांत चांगले काम पहिले, त्याच्या खालोखालचे शेवटचे. जे काम दोघांनी मिळून केले असेल तिथे आपला वाटा किती ते स्पष्ट लिहावे. फाईलसोबत पिशवीत कच्ची वही न्यावी, तीच तेलाचे डाग पडलेली, अब्बांच्या हिशेबाच्या कोऱ्या पानांवर रेघोट्या असलेली. घरचे म्हणतील, ही कुठे दाखवतोस. परीक्षक बहुधा तीच आधी मागतात. एखादे तारेचे किंवा पुठ्ठ्याचे मॉडेल नेणार असाल तर रेल्वेत ते दबणार नाही असा खोका आधी बघून ठेवा. बॅटरीवाल्याकडे रिकामे मिळतात.